जंगल कार्बन शोषतं, पण कशाच्या जोरावर?

हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला तर झाडंही जास्त वाढतील, हे सर्रास ऐकायला मिळतं आणि ते चुकीचं नाहीये, अर्धवट आहे, कारण वाढायला मातीतली पोषक द्रव्यंही लागतात. जे पोषक द्रव्य सगळ्यात कमी तेच वाढ रोखतं हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिगने 19व्या शतकातच मांडलेलं, पण ते शेतीपुरतंच राहिलं, आख्ख्या जंगलातल्या पोषक द्रव्यांची आवक-जावक कोण मोजणार!

ती मोजायला सुरुवात झाली 1963 ला, अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या हबर्ड ब्रूक जंगलात. बोरमन, लायकन्स वगैरे शास्त्रज्ञ मंडळींनी छोटे छोटे ओढे निवडले, खाली पक्का खडक असल्याने पाणी फारसं झिरपून जात नाही, मग ओढ्यावर बंधारा, त्याला व्ही आकाराची खाच, आणि पावसातून काय आलं नि ओढ्यातून काय गेलं ते वर्षानुवर्षं तपासत बसायचं. पुढे त्यांनी एका पाणलोटातली सगळी झाडं तोडली, लाकूड तिथेच पडू दिलं आणि तीन उन्हाळे तणनाशक मारून काही उगवूच दिलं नाही (आज परवानगी मिळाली असती का, शंकाच आहे). ओढ्यातलं नायट्रेट (नायट्रोजनचंच विरघळणारं रूप) कित्येक पटींनी वाढलं, म्हणजे नायट्रोजन धरून ठेवत होती ती झाडंच. तिथलाच पाऊस ॲसिडिक निघाला, त्याने मातीतलं कॅल्शियम धुऊन नेलेलं. 1990 च्या हवा प्रदूषणाविरुद्धच्या कायद्यानंतर पाऊस बराच सुधारला, कॅल्शियम मात्र आपोआप भरून येईना, शेवटी 1999 ला एका पाणलोटावर हेलिकॉप्टरने कॅल्शियमचं खनिज टाकून बघितलं.

मग आले उघड्या जंगलात जास्तीचा कार्बन डायऑक्साइड सोडायचे प्रयोग. अमेरिकेतच ओक रिजला सुरुवातीच्या वर्षांत वाढ 24 टक्के जास्त, 2008 पर्यंत ती 9 टक्क्यांवर आली, कारण नायट्रोजन कमी पडला. सिडनीजवळच्या निलगिरीच्या जंगलात तर फॉस्फरसचीच बोंब, झाडांनी कार्बन जास्त घेतला पण खोडं काही जाड झाली नाहीत, बराचसा मातीतून परत हवेत.

अमेरिकेतल्याच हार्वर्ड फॉरेस्टमध्ये 1991 पासून केबल पुरून माती 5 अंशांनी तापवताहेत, तिथे वेगळीच गंमत: सूक्ष्मजीव कार्बन बाहेर सोडतात, पण त्याच वेळी नायट्रोजन मोकळा होतो आणि झाडं तो वापरून वाढतात.

एवढं सगळं माहीत असून 2013 च्या आयपीसीसी (संयुक्त राष्ट्रांची हवामान बदलावरची समिती) रिपोर्टमधल्या बहुतेक हवामान मॉडेल्समध्ये नायट्रोजन नव्हताच! 2021 पर्यंत बऱ्याच जणांनी तो घेतला, फॉस्फरस मात्र मोजक्यांनीच.