पंखा आत, आवाज कमी, तरी जेट स्कीनं डॉल्फिनपासून लांब का राहायचं?

बेळगावात कुणाला "देवबागला चाललोय" म्हणून सांगितलं की समोरचा पहिल्यांदा हेच विचारणार, कुठलं देवबाग, मालवणचं की कारवारचं. कारण आंबोली उतरून गेलं तरी देवबाग आहे आणि खानापूर-रामनगर-जोयडा करत अणशी घाट उतरलं तरी देवबागच आहे, दोन्हीकडं नदी समुद्राला मिळते (तिकडं कर्ली, इकडं काळी) आणि दोन्हीकडं डॉल्फिन दाखवतो म्हणून पोरं मागं लागतात. आम्ही यावेळी कारवारचं धरलं. मी, भाचा, आणि भाच्याचे दोन मित्र. भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे त्याला सध्या सगळंच माहीत असतंय.

जेट स्कीची (पाण्यावर चालणारी स्कूटरच म्हणा) नेहमीची फेरी पाच-दहा मिनिटांची असते, जोरात जायचं, ओरडायचं, भिजून परत यायचं. आम्ही जरा जास्त पैसे भरून गाईडबरोबरची घेतली. पुढं गाईडची जेट स्की, मागं आमच्या दोन, प्रत्येकीवर मागच्या सीटवर त्यांचा एक पोरगा, आणि हँडल आपल्या हातात. निघायच्या आधी गाईडनं नियम सांगितले, निम्मे कोकणीत निम्मे कन्नडमध्ये: माझी लाईन सोडायची नाही, मला ओव्हरटेक करायचं नाही, मनगटाला बांधलेली दोरी काढायची नाही (तुम्ही पडला की दोरी ओढली जाऊन इंजिन बंद होतं), मी हात वर केला की निधान निधान (म्हणजे हळू हळू), आणि वळायचं असेल तेव्हा गॅस सोडायचा नाही.

हे शेवटचं मला उलटं वाटलं. आपण स्कूटर चालवणारी माणसं, समोर काय आलं की आधी गॅस सोडणार आणि मग वळवणार. आणि झालंही तेच. खाडीच्या तोंडाशी कुणाच्या तरी जाळ्याला बांधलेला थर्माकोलचा मोठा तुकडा तरंगत होता, मी तो बघितला, घाबरून गॅस सोडला, हँडल पूर्ण डावीकडं फिरवलं, आणि गाडी सरळच. म्हणजे हँडल डावीकडं, गाडी सरळ थर्माकोलकडं, जसं काय हँडल कशाला जोडलेलंच नाही. मागच्या पोरानं माझ्या खांद्यावरून हात पुढं घालून गॅस दाबला तशी ती एकदम वळली आणि तुकडा हातभर अंतरावरनं गेला. भाचा मागनं हसायला लागला.

यातलं विज्ञान मात्र शेतकऱ्याच्या पोराला लगेच कळेल. ज्याच्या विहिरीवर मोटर आहे त्याला इम्पेलर (पंपाच्या आतला फिरता पंखा) काय ते सांगायला नको. जेट स्कीच्या पोटात तेच आहे. बुडाला एक जाळी, आपल्या फूटव्हॉल्व्हला असते तशी, तिथनं पाणी आत येतं, इंजिन इम्पेलर फिरवतं, पाण्याला रेटा बसतो, पुढं काही स्थिर पाती असतात ती पाण्याचा पीळ काढून त्याला सरळ करतात, आणि मग तोंडाशी नळी निमुळती होत जाते त्यामुळं पाणी वेगानं मागं फेकलं जातं. पाणी मागं, गाडी पुढं, न्यूटनचा तिसरा नियम. मोटर चालू असताना पाईपचं तोंड हातातनं सुटलं की पाईप सापासारखा वळवळतो, बघितलं असेल, तोच धक्का इथं गाडी ढकलतो.

आणि वळवायचं कसं, तर त्या पाईपचं तोंडच डावी-उजवीकडं करायचं. होडीला सुकाणू असतं, इंजिन बंद केलं तरी होडी पुढं सरकत असेपर्यंत ते काम करतं. जेट स्कीला बहुतेक वेळा सुकाणूच नसतं, मागनं सुटणारी पाण्याची धार हेच सुकाणू. गॅस सोडला की धार गेली, धार गेली की सुकाणू गेलं. जगभरात जेट स्कीच्या बऱ्याच धडका याच कारणानं होतात, माणूस वाचायला म्हणून गॅस सोडतो आणि त्यामुळंच धडकतो. आता काही नव्या मॉडेलमध्ये यावर उपाय करतात पण भाड्याच्या गाडीत ते असेलच असं धरून बसू नये.

ही कल्पना मुळात खेळासाठी नव्हतीच. न्यूझीलंडमध्ये विल्यम हॅमिल्टन नावाचा एक शेतकरी-इंजिनिअर होता, तिकडच्या नद्या उथळ आणि दगडगोट्यांच्या, साध्या बोटीचा पंखा दगडाला लागून मोडायचा, म्हणून १९५० च्या दशकात त्यानं पंखा बोटीच्या आत घेऊन धारेवर चालणारी बोट बनवली. पुढं अमेरिका-कॅनडा-जपानच्या कंपन्यांनी तेच छोटं करून त्यावर सीट टाकली. जेट स्की हे खरं तर कावासाकीचं ब्रँडनाव, पण आपण कुठल्याही फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो तसं झालंय.

इथं भाच्यानं मुद्दा काढला, आणि मुद्दा चांगला होता. तो म्हणाला, "मामा, पंखा आत असतोय म्हणजे डॉल्फिनला, कासवाला कापायचा प्रश्नच नाही, मग डॉल्फिन बघायला जेट स्कीच बेस्ट की."

पंख्याचं त्याचं बरोबर आहे (धडक बसली तर बसतेच, ते वेगळं). एवढंच नव्हे तर पाण्याखालचा आवाजसुद्धा बाहेर पंखा असलेल्या छोट्या मोटरबोटीपेक्षा कमी असतो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या ब्रॅम्बल बेमध्ये पाण्यात माईक सोडून हे मोजलं होतं, २०१३ साली छापून आलं, आणि त्यात तसंच निघालं. आता गंमत बघा, त्याच ऑस्ट्रेलियात न्यू साऊथ वेल्स राज्याचा नियम काय आहे, तर साध्या बोटीनं डॉल्फिनपासून ५० मीटर लांब राहायचं आणि जेट स्कीनं ३०० मीटर. आवाज कमी, पंखा आत, आणि अंतर मात्र सहापट!

हे समजायला आधी तो आवाज कसला असतो ते बघू. घागर नळाखाली धरली की जो आवाज येतो तो बराचसा पाण्यात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांचा असतो, प्रत्येक बुडबुडा आकसतो-फुगतो आणि छोट्या घंटेसारखा वाजतो, लहान बुडबुडा बारीक आवाज, मोठा बुडबुडा जाड आवाज. जेट स्कीची धार मागं असा बुडबुड्यांचा ढगच सोडत जाते. ब्रॅम्बल बेच्या मोजणीत तो आवाज साधारण १०० हर्ट्झपासून १० किलोहर्ट्झपर्यंत पसरलेला होता, आणि त्याच्यावर इम्पेलरच्या पात्यांचा सूर, जो गॅसबरोबर वर-खाली होतो.

इम्पेलर जोरात फिरला तर आणखी एक प्रकार होतो. पाणी उकळायला उष्णताच लागते असं नाही, दाब कमी झाला तरी पाणी उकळतं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर, तिथं हवेचा दाब कमी म्हणून पाणी १०० ऐवजी साडेसत्त्याण्णवच्या आसपास उकळतं, कारवारला पूर्ण १०० ला. फिरत्या पात्याच्या पाठीमागं दाब इतका पडू शकतो की थंडगार समुद्राचं पाणीसुद्धा तिथल्या तिथं उकळून वाफेचे बुडबुडे होतात, आणि पुढं दाब वाढला की ते बुडबुडे फटाफट मिटतात. याला कॅव्हिटेशन म्हणतात. मिटताना आवाज होतो आणि कालांतरानं लोखंडाला खड्डे पण पडतात, पंपवाल्यांना हे माहीत आहे.

आता ऐकणारा. कारवारच्या खाडीच्या तोंडाशी दिसतो तो बहुतेक हिंदी महासागरातला हंपबॅक डॉल्फिन, राखाडी, पाठीवर उंचवटा आणि त्या उंचवट्यावर छोटासा पर. खोल समुद्रात तो फारसा जात नाही, किनाऱ्याला धरून उथळ पाण्यात आणि नदीच्या तोंडाशी राहतो कारण मासे तिथं. जगाच्या यादीत तो धोक्यात असलेला प्राणी आहे आणि आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात डॉल्फिन पहिल्या शेड्यूलमध्ये आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. जाताना आपण काळी टायगर रिझर्व्हमधनं जातो तेव्हा गाडीतली सगळी माणसं आपोआप हळू बोलायला लागतात, आणि तीच माणसं खाली उतरून पाण्यात गेली की ओरडायला लागतात, हे मला कधी कळलं नाही.

काळीचं पाणी गढूळ, त्यात डोळे किती चालणार. डॉल्फिन कानानं बघतो. नाकाच्या वाटेतल्या अवयवातून टकटक असे क्लिक काढतो, कपाळातल्या चरबीच्या गोळ्यातून भिंगासारखे ते पुढं रोखतो, आणि परत आलेला प्रतिध्वनी खालच्या जबड्यातल्या चरबीतून कानापर्यंत नेतो. हे क्लिक १०० किलोहर्ट्झच्याही वर जातात, आपल्याला २० च्या वर ऐकूच येत नाही. म्हणजे जेट स्कीचा आवाज क्लिकच्या खालच्या पट्ट्यात राहतो, तिथं थेट भांडण नाही. पण एकमेकांना हाक मारायच्या त्यांच्या शिट्ट्या खालच्या पट्ट्यात येतात. आणि ढोमी-घोळ या घराण्यातले मासे पोटातल्या फुग्यावर ढोलासारखा आवाज काढतात, तो तर बरोबर बुडबुड्यांच्या आवाजात बुडतो, म्हणजे डॉल्फिनला जेवणाचा पत्ता सांगणारा आवाजच गेला.

तरीही ३०० मीटरचं उत्तर फक्त यात नाही. कॉलेज रोडवर आपण रस्ता क्रॉस करतो तेव्हा लाल बसचा आवाज कितीही मोठा असू दे, भीती वाटत नाही, कारण ती कुठं चाललीय आणि कधी पोचणार ते कळतं. भीती वाटते पल्सरवाल्या पोराची, जो इकडनं दिसतो आणि तिकडनं निघतो. ट्रॉलरचं इंजिन तासन् तास एका सुरात, एका दिशेनं चालतं, डॉल्फिन तर त्याच्या मागं मासे खायला जातात. जेट स्की मात्र गॅस देते, सोडते, गोल फिरते, लाटेवरनं उडते तेव्हा धार पाण्याबाहेर आली की पाण्याखालचा आवाज तुटतो आणि पडली की पुन्हा सुरू. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, डॉल्फिनला दिशा बरोबर कळते, पण पुढच्या सेकंदाला ही कुठं असेल हे कळायला काही मार्गच नाही. वर आवाज कमी म्हणजे ती जवळ आल्यावरच कळणार. आणि चालवणारा माझ्यासारखा असेल तर ऐनवेळी त्यालाही वळता येणार नाही, ते आपण बघितलंच.

बरं, त्यांना त्रास झाला तर ते जातील की दुसरीकडं, असं पण लोक म्हणतात. जातात, तोच तर प्रॉब्लेम आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात शार्क बे म्हणून जागा आहे, तिथल्या बॉटलनोज डॉल्फिनवर कित्येक वर्षं नोंदी ठेवल्यात. टूर नेणारे एकाचे दोन झाल्यावर त्या पट्ट्यातले डॉल्फिन साधारण सातात एक इतके कमी झाले, २००६ साली हे प्रसिद्ध झालं, आणि नंतर तिथं लायसन्स परत दोनाचं एक केलं. बोटी काय पन्नास नव्हत्या, दोन होत्या. जे डॉल्फिन लाजरे असतात ते आधी जातात, राहतात ते सवयीचे, त्यामुळं टूरवाल्याला आणि आपल्याला वाटतं यांना काहीच होत नाही.

आमच्या गाईडनं थर्माकोलच्या पुढं थोड्या अंतरावर हात वर केला. आम्ही थांबलो, इंजिन बंद. दहा मिनिटं काहीच नाही, नुसतं डोलत बसलो, एका मित्राला मळमळायला लागलं, वर एक पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड फिरत होता तो बघून घेतला. मग बरंच लांब एक पाठ वर आली, मग दुसरी, तिच्या शेजारी एक लहान. फुस्स असा श्वासाचा आवाज पाण्यावरनं स्पष्ट आला, इंजिन चालू असतं तर तो आलाच नसता. मागनं दुसऱ्या कुणाची तरी एक जेट स्की डॉल्फिनच्या दिशेनं सरळ सुटली, आणि त्या तिन्ही पाठी खाली गेल्या त्या आम्हाला पुन्हा काही दिसल्या नाहीत. गाईड कन्नडमध्ये जे काय बोलला ते इथं लिहिता येत नाही.

भाच्यानं परत येईपर्यंत बेस्टचा विषय काढला नाही. जोयड्यात चहाला थांबलो तेव्हा टपरीवरच्या अक्काचं पाणी नुकतंच चढलं होतं आणि टोप गुणगुणत होता. त्याला म्हटलं ऐक, तळाला बुडबुडे होतात आणि वरच्या थंड पाण्यात जाऊन मिटतात त्याचा हा आवाज, पूर्ण उकळी आली की बुडबुडे मिटायचे थांबतात आणि आवाज खाली बसतो. तो टोपाकडं कान करून उभा राहिला. अक्का म्हणाली, "हे काय सांगताय, टोप गप्प झाल्याशिवाय मी पावडर टाकतच नाही."