विस्तार-फंक्शनांवरील निर्बंध (एक्सएमएल)

परक्या, बिनभरवशाच्या एक्सएसएलटी स्टाइलशीट (एक्सएमएल, म्हणजे खुणांच्या चौकटीत मांडलेल्या माहितीचे, रूपांतर करण्याच्या सूचनांची फाइल) किंवा एक्सक्वेरी (एक्सएमएलमधून माहिती शोधण्याच्या भाषेतील सूचना) चालवताना प्रोसेसरच्या, म्हणजे त्या सूचना राबवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, मूळ भाषेबाहेरील फंक्शने (विस्तार-फंक्शने) बंद ठेवण्याची पद्धत. १९९९ च्या एक्सएसएलटी १.० शिफारशीनेच (अधिकृत मानकानेच) विस्तार-फंक्शनांना वाट करून दिली; ती कशी पुरवायची हे मात्र प्रोसेसर बनवणाऱ्यांवर सोडले. झालान-जावासारख्या प्रोसेसरांनी नेमस्पेस (नावांचा गट ओळखणारी खूण) थेट जावा भाषेतील क्लासशी (तयार कोडच्या घटकाशी) जोडण्याची सोय केली. सोय मोठी, आणि धोकाही तेवढाच. स्टाइलशीटमध्ये ‘रनटाइम’ क्लासचा नेमस्पेस जाहीर करून त्याची ‘एक्झेक’ मेथड (क्लासमधील फंक्शन) बोलावली, की सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालते. वरवर पाहता ती फाइल मजकुराची मांडणी बदलणारी साधी एक्सएमएल फाइलच असते.

बंदीची कळ प्रत्येक प्रोसेसरमध्ये वेगळी आहे. जावामध्ये ‘सिक्युअर प्रोसेसिंग’ हे वैशिष्ट्य चालू करतात. डॉटनेटमध्ये स्टाइलशीटमधील स्क्रिप्ट आणि दुसरी फाइल वाचणारे ‘डॉक्युमेंट’ फंक्शन ही दोन्ही मुळातच बंद असतात, हे धोरण अधिक शहाणपणाचे. पीएचपीमध्ये पीएचपीची फंक्शने मुद्दाम नोंदवल्याशिवाय स्टाइलशीटला मिळत नाहीत. नोंदवताना परवानगी असलेल्या नावांची यादी देता येते आणि ती द्यावीच. सॅक्सन या प्रोसेसरमध्ये बाह्य फंक्शनांना मनाई केली, तरी कार्यक्रमकाराने स्वतः नोंदवलेली फंक्शने चालूच राहतात. म्हणजे तीही तपासून घ्यावी लागतात.

नुसत्या कळीवर विसंबणे महागात पडू शकते. झालान-जावाच्या २.७.२ पूर्वीच्या आवृत्त्यांत सिक्युअर प्रोसेसिंग चालू असूनही काही गुणधर्मांच्या आडवाटेने हवे ते क्लास लोड करता येत होते. ही त्रुटी २०१४ मध्ये जाहीर झाली.

शिवाय, विस्तार बंद केले तरी मूळ भाषेतली काही दारे उघडीच राहतात. ‘डॉक’ आणि ‘अनपार्स्ड-टेक्स्ट’ स्थानिक फाइल वाचू शकतात किंवा अंतर्गत नेटवर्कवरील पत्त्यांना विनंती पाठवू शकतात. ‘रिझल्ट-डॉक्युमेंट’ फाइल लिहू शकते. त्यांच्यासाठी पत्ते तपासणारा स्वतंत्र रिझॉल्व्हर (पत्त्यावरून फाइल शोधून देणारा घटक) बसवावा लागतो. लिबएक्सएसएलटी या प्रोसेसरमध्ये फाइल वाचणे, लिहिणे आणि नेटवर्क यांची परवानगी वेगवेगळी देता येते. न संपणाऱ्या रिकर्शनवर (सूचनेने स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावण्यावर) यातला एकही उपाय चालत नाही, कारण त्याला कोणतेही विस्तार-फंक्शन लागत नाही. तिथे वेळ आणि मेमरी यांची मर्यादा ऑपरेटिंग सिस्टिमच्या पातळीवर लावतात.