पिकअपचं इंजिन बदलायचंय? आधी परवानगी, मग पाना

आरटीओच्या कामांचे ऑनलाइन फॉर्म भरून देणं हा माझा धंदा. इंजिन बदलाची प्रकरणं फार येत नाहीत, पण येतात त्यातली बरीच अडकतात. इंजिन बसवून झालेलं असतं, गाडीने बाजाराच्या चार फेऱ्याही मारलेल्या असतात, आणि मालक म्हणतो, "तेवढा नवा नंबर आरसीवर चढवून द्या." इथेच पहिली चूक झालेली असते.

सगळा घोळ १४ दिवसांच्या मुदतीचा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये फेरफार केल्यापासून १४ दिवसांत तो कळवून आरसीवर नोंद करून घ्यायला सांगितलंय. गॅरेजवाले याचा अर्थ सांगतात, "बसवून टाका, पंधरा दिवसांत कळवा." तसं नाही. आरटीओची परवानगी आधी घ्यायची. १४ दिवस मोजायचे ते परवानगीनंतर इंजिन बसवलं त्या दिवसापासून. विनापरवानगी इंजिन बदलायची सवलत कायद्यात आहे, पण ती किमान दहा व्यावसायिक वाहनं असलेल्या मालकासाठी, तीही राज्य सरकारने अधिसूचना काढून मुभा दिली तर आणि त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन असेल तर. एका पिकअपवर भाजी वाहणाऱ्याने हे कलम दाखवून उपयोग नाही.

आता कोणाला अर्जाची गरजच नाही ते सांगतो. इंजिन खोललं, बोअर केलं, पिस्टन-रिंगा टाकल्या, क्रँक घासला, पण ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य ओतीव सांगाडा, तोच राहिला, तर ती दुरुस्ती झाली. इंजिन नंबर ब्लॉकवर असतो. ब्लॉक बदलला, मग ते 'हाफ इंजिन' का असेना, की नंबर बदलला आणि आरटीओशी गाठ पडली. परवडत असेल तर जुनंच इंजिन बांधून घ्या, असं मी येणाऱ्याला पहिल्यांदा सांगतो. निम्मे तिथूनच परत जातात, माझी फी बुडते, पण त्यांचे हेलपाटे वाचतात.

दुसरं कुठलं इंजिन चालेल? तुमच्या गाडीचं मॉडेल ज्या इंजिनावर पास झालं, तेच. वेगळ्या कंपनीचं, जास्त सीसीचं, 'याच माउंटिंगला बसतं' म्हणून आणलेलं इंजिन लोखंडाला बसतं, आरसीला बसत नाही. आरसीवर सीसी, सिलिंडरची संख्या, इंधन असं सगळं लिहिलेलं असतं. कंपनीने मंजूर करून घेतलेल्या या तपशिलाला छेद देणारा बदल चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. बीएस म्हणजे धुराच्या प्रदूषणाचे सरकारी निकष; बीएस-४ गाडीत जुन्या, बीएस-३ निकषाचं इंजिन टाकायची आयडिया तर विसराच. बेकायदा फेरफाराला दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. इंधन बदलाची वाट कायद्याने वेगळी ठेवलीय: सीएनजी किंवा इलेक्ट्रिकचं मंजूर किट, तेही तुमच्या मॉडेलला मंजूर असलेलं. सीएनजी टाकीची दर तीन वर्षांनी तपासणी करावी लागते, हे किट विकणारा शेवटी सांगतो.

आरसी, विमा, पीयूसी, फिटनेस, कर भरल्याची नोंद आणि ओळखपत्र हे कागद सगळ्यांकडे असतात. ई-चलन थकलं असेल तर आधी भरा. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर फायनान्स कंपनीची लेखी संमती लागते, फोनवरचं "करा, काही हरकत नाही" चालत नाही.

घोडं अडतं ते इंजिनाच्या बिलावर. जुन्या बाजारातून आणलेल्या इंजिनाचं बिल म्हणजे वहीचा फाटका कागद, त्यावर 'इंजिन १ नग' आणि सही. बिल पक्कं हवं, त्यावर इंजिन नंबर हवा, आणि ते ज्या गाडीतून निघालं तिची नोंदणी रद्द झाल्याचा किंवा ती भंगारात गेल्याचा पुरावा हवा. हा कागद कोणाकडेच नसतो. मूळ गाडीची नोंदणी जिवंत असेल तर तिचा इंजिन नंबर सिस्टीममध्ये तिच्याच नावावर दिसणार, आणि तुम्ही त्याच नंबरचे दुसरे दावेदार. म्हणून पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून हा पुरावा घ्या आणि एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) पोर्टलवर इंजिन नंबर टाकून चोरीची नोंद आहे का ते पाहा. दहा मिनिटांचं काम आहे.

अर्ज 'वाहन' या सरकारी पोर्टलवर 'अल्टरेशन' (फेरफार) या सेवेखाली भरायचा, फी भरायची, तारखेला गाडी न्यायची. जाण्याआधी ब्लॉकवरचा नंबर डिझेलच्या फडक्याने पुसा. एका गाडीचा नंबर नव्या रंगाखाली दबला होता. निरीक्षक साहेब वाकून टॉर्च मारत होते, 8 आहे की B ते कळेना. कागद ठेवून पेन्सिल फिरवली तर नुसता काळा पट्टा उठला. गाडी परत, तारीख पुढची. रंग हलक्या हाताने काढा; ग्राइंडर लावलात तर नंबर खोडल्याचा संशय अंगावर येईल.

नवी आरसी आली की इंजिन नंबर एकेक अक्षर ताडून पाहा आणि विमा कंपनीकडून पॉलिसीवर तोच नंबर चढवून घ्या, नाहीतर क्लेमच्या वेळी तो फरक काढून बसतील. आणि काढलेलं जुनं इंजिन तसंच भंगारवाल्याच्या टेम्पोत टाकू नका. त्यावर अजून तुमच्या गाडीचा नंबर आहे. विकताना नंबर लिहिलेली, घेणाऱ्याच्या सहीची पावती घ्या आणि आरसीच्या फाइलला लावून ठेवा.