पुलावाखाली दडलेलं मटण : दिल्लीतल्या अफगाण हॉटेलांची पार्श्वभूमी

आपल्याकडच्या बहुतेक फॅमिली रेस्टॉरंटच्या मेनूकार्डावर ‘मुर्ग अफगाणी’ असतं. काजूची पेस्ट, क्रीम, वरून बटर. तंदूरमधलं लाल नको असेल तर हे पांढरं घ्या, एवढाच त्या ‘अफगाणी’चा अर्थ. हा पदार्थ उत्तर हिंदुस्थानातल्या तंदूरवाल्यांचा. काबूलशी त्याचं नातं नावापुरतंच. खरं अफगाण जेवण जेवायचं तर दिल्लीत लाजपतनगर किंवा भोगलला जावं लागतं. तिथे ते कसं पोचलं, ही गोष्ट स्वयंपाकापेक्षा लढाया, व्हिसा आणि दवाखान्यांची जास्त आहे.

मुळात अफगाण जेवण हे हॉटेलचं जेवण नव्हतंच. तिकडे बाहेर खायचं म्हणजे चायखाना. समोवारमध्ये उकळणारं पाणी, बसायला सतरंजी घातलेला उंच ओटा, वाटसरूला चहा, नान आणि सळईवरचा कबाब. काही चायखान्यांत ‘चैनकी’ मिळते. चिनी मातीच्या चहाच्या किटलीत मटण, कांदा आणि डाळ घालून ती निखाऱ्यांच्या कडेला तासन् तास ठेवायची. गिऱ्हाइकागणिक एक किटली. पण पाहुण्याला घालायचं जेवण घरीच शिजायचं. जमिनीवर दस्तरखान म्हणजे जेवणाची चादर, भोवती तोशक म्हणजे गाद्या, आणि हात धुवायला तांब्या-तस्त घेऊन घरातला धाकटा मुलगा प्रत्येकापुढे फिरणार. त्या तांब्याला तिकडे आफताबा म्हणतात.

या दस्तरखानावरचा मानाचा पदार्थ म्हणजे काबुली पुलाव. मटण आधी शिजवून त्याचं पाणी, म्हणजे यखनी, बाजूला काढायची. सेला तांदूळ अर्धवट उकडून त्या यखनीत दमावर ठेवायचा. गाजराच्या काड्या साखरेवर परतून मनुकांबरोबर वर पसरायच्या. मसाला म्हणजे जिरं, वेलची, लवंग, मिरी. मिरची नाही. आणि मटण दिसत नाही. ते भाताखाली दडवलेलं असतं. पाहुण्याने भात उकरला की खालून मोठा तुकडा निघतो. ‘काबुली’ हे काबूलवरून आलं की ‘काबिल’ म्हणजे कसबी स्वयंपाक्यावरून, यावर तिकडेही दोन मतं आहेत. दुसरं मत मानणारे तो शब्द ‘काबिली’ असा उच्चारतात.

मग हे घरचं जेवण हॉटेलात कसं आलं? माणसं घराबाहेर पडली म्हणून. एप्रिल 1978 मध्ये काबूलमध्ये कम्युनिस्टांनी सत्ता घेतली, डिसेंबर 1979 मध्ये सोव्हिएत फौजा शिरल्या. लाखो लोक पाकिस्तान आणि इराणला गेले, थोडे दिल्लीला आले. 1992 मध्ये राष्ट्राध्यक्ष नजीबुल्लांचं कम्युनिस्ट सरकार पडलं आणि सोव्हिएत फौजांशी लढलेले मुजाहिदीन गट काबूलमध्येच एकमेकांवर तोफा डागू लागले, तेव्हा पिढ्यान् पिढ्या कापडाचा, सुक्या मेव्याचा, सराफीचा धंदा करणारे तिथले हिंदू आणि शीख मोठ्या संख्येने इकडे आले. त्यांतले बरेच पश्चिम दिल्लीत टिळकनगरच्या बाजूला राहिले. 1996 मध्ये तालिबान आले आणि आणखी लोक निघाले.

लाजपतनगर ही वस्तीच मुळी फाळणीच्या निर्वासितांसाठी वसवलेली. एका निर्वासितांच्या वसाहतीत दुसरे निर्वासित भाड्याने राहायला आले. पण भारताने 1951 च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही. त्यामुळे संयुक्त राष्ट्रांचं निर्वासित-कार्ड हाती असलं तरी रीतसर नोकरी मिळणं कठीण. उरतात ते छोटे धंदे, आणि त्यांत सगळ्यात कमी भांडवलाचा म्हणजे तंदूर लावून नान विकणं. भोगलच्या गल्ल्यांमधल्या अफगाण नानबाईंकडचा, म्हणजे नान भाजणाऱ्यांकडचा, नान हातभर लांब असतो, त्यावर बोटांनी दाबून ओढलेल्या रेघा असतात, आणि तो वर्तमानपत्रात गुंडाळून काखेत धरून न्यायचा असतो.

नुसत्या निर्वासितांच्या खिशावर मात्र मोठी हॉटेलं चालली नसती. ती चालली रुग्णांमुळे, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हाच भाग सर्वांत कमी सांगितला जातो. 2001 नंतर काबूल-दिल्ली विमानं नियमित झाली. साधारण दोन तासांचा प्रवास. तिकडची आरोग्यव्यवस्था युद्धाने मोडलेली, त्यामुळे हृदयाचं ऑपरेशन, कॅन्सर, मूल न होणं, अशा कारणांसाठी लोक दिल्लीला येऊ लागले. साकेत आणि सरिता विहारची मोठी खासगी रुग्णालयं लाजपतनगरपासून टप्प्यात. मग तिथे गेस्ट हाऊस निघाली, दुभाषे आले, औषधांच्या दुकानांवर दरी भाषेतल्या, म्हणजे अफगाणिस्तानातल्या फारसीतल्या, पाट्या लागल्या. त्या पाट्यांवर ‘दवाखाना’ असं लिहिलेलं असतं. मराठी माणूस डॉक्टर शोधत आत शिरतो आणि समोर औषधांची कपाटं दिसतात. दरीत दवाखाना म्हणजे औषधाचं दुकान.

रुग्णाबरोबर दोन-तीन नातेवाईक, मुक्काम महिनाभराचा, आणि दिल्लीचं तिखट कुणालाच सोसत नाही. या गिऱ्हाइकासाठी हॉटेलांनी घरचं जेवण मांडलं. पुलाव, शोरवा म्हणजे मटणाचा रस्सा, मंतू, बोलानी म्हणजे सारण भरलेली तव्यावरची पोळी, दोघ म्हणजे ताक. कोपऱ्यात गालिचा घातलेला तख्त, त्यावर चपला काढून बसायची सोय. दुंब्याच्या, म्हणजे चरबीदार शेपटीच्या मेंढीच्या मटणाऐवजी इथे बहुधा बोकडाचं आलं. दुंब्याची ती चरबी कबाबाच्या सळईवर मांसाच्या तुकड्यांमध्ये ओवलेली नसली की जुने लोक नाक मुरडतात.

मंतूबद्दल थोडं अधिक सांगायलाच हवं. खिमा आणि कांदा भरून वाफवलेल्या या पाऱ्या तुर्कस्तानच्या ‘मांती’ आणि कोरियाच्या ‘मांडू’ यांच्या नात्यातल्या. व्यापारी रस्त्यांवरून हिंडलेला पदार्थ. वर लसूण घातलेलं घट्ट दही ओततात. पाणी काढलेल्या या दह्याला दरीत ‘चका’ म्हणतात. आपल्या श्रीखंडाचा चक्का! मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा वाढप्याला तीनदा पुन्हा म्हणायला लावलं.

आपला या देशाशी संबंध म्हटला की पानिपत आठवतं, 14 जानेवारी 1761. अब्दालीने रसद तोडल्यावर मराठी छावणी अखेरीस अन्नाला मोताद झाली होती, ही आठवण घेऊन अफगाण ताटावर बसताना जरा विचित्र वाटतं खरं. पण त्याच्या आधी आणि नंतरही तिथून आपल्याकडे खाणंच येत राहिलं. कुची-पोविंदा भटक्यांचे उंटांचे तांडे दर हिवाळ्यात गोमल खिंडीतून जर्दाळू, मनुका, बदाम घेऊन उतरत. काबुली चण्याच्या नावात ते शहर अजून आहे. वरणाच्या फोडणीतला हिंग आजही मोठ्या प्रमाणात अफगाणिस्तानातून येतो. उलट तक्रारही जुनी आहे. बाबराने आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय की हिंदुस्थानात चांगली द्राक्षं नाहीत, खरबुजं नाहीत, बर्फ नाही, बाजारात धड रोटी नाही.

15 ऑगस्ट 2021 ला तालिबान पुन्हा काबूलमध्ये शिरले. त्याच महिन्यात भारताने अफगाणांना आधी दिलेले व्हिसा रद्द केले आणि नव्या तातडीच्या ई-व्हिसाची वाट ठेवली. कोविडने आधीच घटलेले रुग्ण तेव्हा जवळजवळ थांबले, आणि हॉटेलांना दुसरं गिऱ्हाईक शोधावं लागलं. ते मिळालं दिल्लीतच : कॉलेजची मुलं, ऑफिसातले गट, मोबाइलवर ताटाचे फोटो काढणारे आम्ही. आता काही मेनूंवर प्रत्येक पदार्थाचा फोटो असतो आणि हाफ प्लेटही मिळते.

गेल्या खेपेला शेजारच्या टेबलावरच्या माणसाने पुलाव चाखून ‘यात तिखट काहीच नाही का?’ म्हणून विचारलं. वाढप्याने कोथिंबीर-व्हिनेगरची हिरवी चटणी आणून ठेवली आणि गेला. थोड्या वेळाने तोच न विचारता आमच्या टेबलावर वेलचीचा हिरवा चहा ठेवून गेला, बशीत साखरेत घोळवलेले बदाम. बिलात ते दोन्ही नव्हते.