म्हादईच्या दरीतल्या वाटा

दिवाळी उरकली, ओढ्यांचं गढूळ पाणी निवळलं, की बेळगाव-खानापूरकडच्या डोंगरवेड्यांच्या गप्पांत म्हादईच्या दरीतला भीमगड किल्ला येतोच. गाडी कुठवर जाते, परवानगी कुठे काढायची, तळेवाडीतून वाट दाखवायला कोण येईल. पहिल्या दोन प्रश्नांना उत्तरं मिळतात. तिसऱ्याचं २०२५ पासून अवघड झालंय, कारण वाट दाखवणारं गावच तिथून उठायला लागलंय.

म्हादईच्या या दरीत आपण ज्यांना ट्रेकच्या वाटा म्हणतो, त्या मीठवाल्यांनी, सैनिकांनी, बंडखोरांनी, गुराख्यांनी आणि माहेरी निघालेल्या बायकांनी मळलेल्या आहेत. आणि एवढं घनदाट रान शिल्लक राहिलं त्याचं मोठं कारण म्हणजे ही दरी कायम कुणाच्या तरी हद्दीची कड होती. कडेला कुणी फार खर्च करत नाही. शेतातल्या बांधावर झाडं वाढू दिली जातात, तसंच काहीसं.

खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग म्हणजे पाणलोटाची धारच. कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेकडे वळून खानापूर, सौंदत्ती करत कुडलसंगमाला कृष्णेत मिसळते. तिथून फार लांब नाही, देगावच्या रानात झरे एकत्र येतात आणि त्यांची म्हादई होते. ती पश्चिमेला वळते, सह्याद्री उतरते, गोव्यात तिला मांडवी म्हणतात आणि पणजीजवळ ती अरबी समुद्राला मिळते. म्हणजे एकाच डोंगरावर पडलेला पाऊस, पण अर्धा बंगालच्या उपसागराला आणि अर्धा गोव्याच्या समुद्राला. पाऊसही साधासुधा नाही. याच पट्ट्यातल्या आमगावात २०१० साली दहा हजार मिलिमीटरहून जास्त पावसाची नोंद झाली होती. मलप्रभेला उतरायची घाई नाही, तिच्यापुढे सगळं पठार पडलंय. म्हादईला मात्र थोडक्या अंतरात घाटमाथ्यावरून कोकणच्या पातळीला यायचंय, म्हणून तिने खडक चिरत खोल दरी केली. गवाळी आणि चापोलीच्या मधला वज्रपोहा धबधबा हा त्याच घाईचा एक टप्पा.

या डोंगरातून माणसांची ये-जा फार जुनी. खानापूर तालुक्यातलं हलशी ही कदंबांची जुनी पलाशिका. पुढे गोव्याच्या कदंबांच्या काळात, बाराव्या शतकात, तिथलं भूवराह नरसिंहाचं देऊळ उभं राहिलं. ज्या घराण्याची एक गादी गोव्याच्या किनाऱ्यावर आणि दुसरी हलशीला, त्याला घाटवाटा हव्याच होत्या. नंतरच्या काळात नंदगडची बाजारपेठ याच वाटांवर जगली. गोव्याकडून मीठ, नारळ, सुपारी, खजूर वर यायचं, घाटावरून गहू आणि इतर धान्य खाली जायचं. वाहतूक बैलांच्या पाठीवरून. आज नंदगडच्या रस्त्यावरून जाताना हे गाव कधीकाळी एवढ्या व्यापाराचं होतं यावर विश्वास बसणार नाही.

भीमगड या सगळ्याच्या मधोमध. तिन्ही बाजूंनी तुटलेले कडे, पायथ्याशी म्हादईचं खोरं आणि समोर गोव्याकडे उतरत गेलेल्या रांगा. शिवाजी महाराजांनी गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवण्यासाठी तो उभारला किंवा मजबूत केला, असं सांगितलं जातं. महाराजांच्या सैन्याने १६६७ मध्ये बारदेशावर चाल केली, १६७५ मध्ये फोंडा घेतला. १६८३ मध्ये संभाजीराजे थेट गोव्याच्या दारात जाऊन ठेपले. तो काळ पाहिला की इथे पहारा का हवा होता ते वेगळं सांगावं लागत नाही. गडावर आता पडकी तटबंदी आणि थोडेफार अवशेष आहेत. राजगड-रायगडाची सवय असलेला माणूस पाहून जरा हिरमुसतो. पण कड्यावर उभं राहून खाली बघितलं की गडाचं काम काय होतं ते कळतं. इथे बांधकामापेक्षा जागेची निवड मोठी.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गोव्याकडच्या सत्तरी आणि डिचोली पोर्तुगीजांकडे गेल्या, पुढे घाटमाथा इंग्रजांकडे आला, आणि दरीच्या दोन तोंडांना दोन परकी सत्ता बसल्या. अशा जागी बंड करणाऱ्यांची सोय होते. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचा शिलेदार संगोळ्ळी रायण्णा खानापूरच्या जंगलपट्ट्यातून लढला. २६ जानेवारी १८३१ ला त्याला नंदगडजवळ फाशी दिली गेली. घाटाखाली सत्तरीत दीपाजी राणे यांनी पोर्तुगीजांकडून नाणूसचा किल्ला घेतला तो १८५२ चा २६ जानेवारीच. तारखेचा हा योगायोग बेळगावात कुणाला सांगितला की माणूस दोन क्षण गप्प होतो. या राणे घराण्याची बंडं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत अधूनमधून पेटत राहिली, आणि त्यांना आसरा दिला तो सह्याद्रीच्या याच रानाने.

मग रेल्वे आली आणि बैलवाटांचं महत्त्व एका फटक्यात उतरलं. १८८० च्या दशकाच्या अखेरीस मुरगावपासून कॅसलरॉकपर्यंत लोहमार्ग झाला आणि घाटमाथ्यावरच्या रेल्वेला जोडला गेला. लोंढा जंक्शन झालं, कॅसलरॉकला जकातीचा नाका बसला. दूधसागरच्या समोरून आगगाडी जाऊ लागली. याच काळात, १८६५ आणि १८७८ च्या वनकायद्यांनंतर, जंगल सरकारजमा झालं. रान जाळून राखेत नाचणी पेरायची कुमरी शेती बंद पाडली गेली. इथल्या लोकांसाठी हा मोठा बदल. कालपर्यंत जे रान आपलं होतं, तिथे आता लाकूडफाटा आणायलाही गार्डाची मर्जी लागायला लागली. वनखातं आणि वाड्या यांच्यातलं आजचं अवघडलेपण तेव्हापासूनचं आहे, पुढे झालेल्या अभयारण्याने ते फक्त वाढवलं.

जगाने या दरीची दखल घेतली ती गडामुळे किंवा नदीमुळे नव्हे, एका वटवाघळामुळे. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने १९११ मध्ये देशभरच्या सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू केली. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत मोठ्या कानांचं, मोकळ्या शेपटीचं एक वटवाघूळ सापडलं. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ओल्डफील्ड थॉमस यांनी १९१३ मध्ये त्याची नवी जात म्हणून नोंद केली आणि रॉटन या वनाधिकाऱ्याच्या नावावरून तिला ओटोमॉप्स रॉटनी असं नाव दिलं. पुढे कित्येक दशकं ही गुहा म्हणजे त्या जातीचा जगातला एकमेव ठाऊक पत्ता होता. नंतर मेघालयात आणि कंबोडियातही ती आढळली. वटवाघळांना आपल्याकडे कुणी मान देत नाही, फळं खाणारी तर कायद्याने बराच काळ उपद्रवी ठरवली होती. पण हे बारापेडेचं वटवाघूळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, वाघाच्या पंक्तीला. गुहेत टॉर्च आणि मोबाइल घेऊन गलका करणाऱ्यांना अडवतात ते उगीच नाही. दचकून उठलेली वसाहत जागा सोडते.

१९५६ मध्ये मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. पुढची कथा इथल्या घराघरात पाठ आहे. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात खानापूर आणि नंदगड महाराष्ट्राला द्यावेत असं सुचवलं होतं, बेळगाव मात्र नाही. महाराष्ट्राने अहवाल नाकारला, आणि २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. दरीच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की मराठी बोलणाऱ्या या वाड्यांचं सरकार कन्नडमध्ये बोलायला लागलं. खालचा गोवा त्याच काळात अजून पोर्तुगीजांकडे होता. १९५५ च्या ऑगस्टमध्ये सत्याग्रही कॅसलरॉकच्या बाजूनेही गोव्यात घुसले आणि गोळीबार झाला. डिसेंबर १९६१ मध्ये बेळगावातून निघालेल्या लष्कराची एक ब्रिगेड अनमोड-मोले रस्त्याने खाली उतरली. त्यानंतर ही परदेशाची सीमा राहिली नाही. उरली ती राज्यांची, आणि ती जास्त भांडकुदळ निघाली.

भांडण पाण्याचं. सौंदत्तीजवळ नवीलतीर्थाला १९७० च्या दशकात मलप्रभेवर धरण झालं, पण ते पुरेसं भरत नाही अशी तक्रार सुरू झाली. तेव्हा नजर वळली पाणलोटाच्या धारेपलीकडे. कणकुंबीजवळचा कळसा आणि नेरसेकडचा भांडुरा हे नाले अडवायचे, त्यांचं पश्चिमेला जाणारं पाणी कालव्याने मलप्रभेत फिरवायचं आणि हुबळी-धारवाडला पिण्यासाठी द्यायचं. शिवाय कोटणीला वीजनिर्मितीसाठी धरणाची योजना होती. ती झाली असती तर दरीचा मोठा भाग पाण्याखाली गेला असता आणि हा लेख लिहायचं कारणच उरलं नसतं. कळशाचं काम २००६ मध्ये सुरू झालं, गोव्याने हरकत घेतली, २०१० मध्ये लवाद नेमला गेला. लवादापुढचं चित्र असं होतं: म्हादईचं खोरं २०३२ चौरस किलोमीटर, त्यातलं गोव्यात १५८०, कर्नाटकात ३७५ आणि महाराष्ट्रात ७७. ऑगस्ट २०१८ च्या निवाड्यात कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मिळालं, त्यातलं ८.०२ टीएमसी वीजनिर्मितीपुरतं. मलप्रभेत वळवायचं प्रत्यक्षात ३.९ टीएमसी. एवढ्यासाठी किती बंद आणि किती मोर्चे झाले, ते हुबळीकर आणि पणजीकर दोघंही सांगतील. ज्या गावांतून कालवा जायचा, त्या कणकुंबीच्या लोकांना मात्र दोन्हीकडच्या व्यासपीठांवर फारशी जागा नव्हती.

याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या दरीकडे पाहिलं की फरक कळतो. गोकाकला घटप्रभा सुमारे ५२ मीटर खाली कोसळते आणि पुढे खडकातून अरुंद वाट काढते. तिथे १८८० च्या दशकातच सूतगिरणी आली, पाण्याच्या जोरावर चाललेली. झुलता पूल आला, पुढे पर्यटक आले, वडापाववाले आले. म्हादईच्या दरीत गिरणी नेणार कोण, तिथे बारमाही रस्ताच नव्हता.

अभयारण्याची मागणी जुनीच. पण गोव्याने आपल्या बाजूचं म्हादई अभयारण्य १९९९ मध्ये जाहीर केलं, आणि भीमगडला डिसेंबर २०११ उजाडावा लागला. क्षेत्र १९०.४२ चौरस किलोमीटर. आकार लहान, पण दक्षिणेला काळी व्याघ्र प्रकल्प आणि पश्चिमेला गोव्याची अभयारण्यं यांना जोडणारी ही कडी आहे. वाघ राज्याची हद्द मानत नाही. २०२० च्या जानेवारीत सत्तरीतल्या गोळावलीला एक वाघीण आणि तिचे बछडे मेलेले सापडले तेव्हा घाटावरही हळहळ झाली.

अभयारण्य झाल्यापासून पायी फिरण्याचे नियम बदलले. पूर्वी ओळखीच्या घरी भाकरी खाऊन कुठूनही कुठेही जाता यायचं. आता आत जायला परवानगी लागते, आणि पावसाळ्यात धबधब्यांकडे जायला बंदी असते. दूधसागरला रुळांवरून चालत जाण्याची जुनी हौस रेल्वेने कधीच बेकायदा ठरवली आहे. २०२४ च्या जानेवारीत कुमारपर्वतावर उसळलेल्या गर्दीनंतर कर्नाटकाने राज्यभरच्या ट्रेकना आवर घातला आणि त्याच वर्षी ऑनलाइन नोंदणीचं अरण्यविहार पोर्टल सुरू केलं. गर्दीला चाप हवाच. वज्रपोह्याकडे रविवारी फुटलेल्या बाटल्या पाहिल्यावर तर मी बंदीच्या बाजूने बोलायला लागतो, आणि सोमवारी पुन्हा जायचा बेत करतो.

राहिल्या वाड्या. तळेवाडी, गवाळी, पास्टोली, कोंगळा, कृष्णापूर, देगाव, मेंडील, आमगाव. मराठा, कुणबी, गवळी धनगर, घरची भाषा मराठी. वनहक्क कायदा २००६ चा, पण त्यात आदिवासी नसलेल्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा द्यावा लागतो. ज्या गावात कागद पावसाळ्यात बुरशी धरतो तिथे हा पुरावा काढायचा कुठून? पूल नाही, रस्ता नाही, आणि मागितला तर अभयारण्याचा कायदा आडवा. जुलै २०२४ मध्ये आमगावच्या एका आजारी महिलेला गावकऱ्यांनी लाकडाच्या डोलीत घालून भर पावसात रानातून चालत बाहेर काढलं. त्या चित्रफितीनंतर सरकार हललं आणि पुनर्वसनाला वेग आला. २०२५ मध्ये तळेवाडीच्या २७ कुटुंबांना प्रत्येकी पंधरा लाख रुपये देऊन बाहेर नेण्याचं काम सुरू झालं, पहिला हप्ता दहा लाखांचा.

बाकीच्या गावांत एकमत नाही. तरुणांना शाळा-दवाखान्याजवळ जायचंय, म्हातारी माणसं देवस्थान आणि शेताचा तुकडा सोडायला तयार नाहीत, आणि काहींचं म्हणणं एवढंच की पैसे राहू देत, नदीवर पूल बांधा. तळेवाडीच्या घरांमागून भीमगडाकडे आणि बारापेडेकडे जाणारी वाट दर पावसाळ्यानंतर गावकरीच कोयत्याने मोकळी करायचे.