गुलामांची आत्मकथने

गुलामगिरीतून सुटलेल्या, पळून आलेल्या किंवा पैसे भरून मोकळ्या झालेल्या माणसांनी स्वतः लिहिलेल्या वा दुसऱ्याला सांगून लिहवून घेतलेल्या हकिगती. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये या वाङ्मयाला जोर चढला. पुढे १८३० ते १८६५ या काळात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ते भरभराटीस आले. दास्यविमोचन चळवळीच्या हातातले हे सर्वांत धारदार हत्यार होते, पण त्यांकडे केवळ प्रचारसाहित्य म्हणून पाहिले तर त्यांतली खरी गोष्ट निसटते. ज्याची साक्ष न्यायालयात चालत नव्हती, अशा माणसाने छापील कागदावर दिलेली ही जबानी आहे. ती खरी मानायची की नाही, हा वाद पहिल्या पुस्तकाबरोबर सुरू झाला आणि पुढे दोनशे वर्षे चालला.

गुलामांविषयी कागद मुळात कमी नव्हते. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून सुमारे १ कोटी २५ लाख माणसे अटलांटिकपार जाण्यासाठी जहाजांत कोंबली गेली आणि त्यांपैकी १ कोटी ७ लाखांच्या आसपास पलीकडे जिवंत उतरली. हे आकडे काढता येतात ते व्यापाऱ्यांनी हिशेब चोख ठेवले म्हणूनच. जहाजांच्या रोजनिश्या, जकातीच्या नोंदी, विम्याचे करार, उसाच्या मळ्यांचे जमाखर्च या सगळ्यांत गुलाम येतो तो नग म्हणून. १७८१ मध्ये ‘झाँग’ या जहाजावरील खलाशांनी १३० हून अधिक आफ्रिकी माणसांना जिवंतपणी समुद्रात फेकले. पुढे हे प्रकरण लंडनच्या न्यायालयात आले ते खून म्हणून नव्हे, तर विमा कंपनीने माणशी ३० पौंड नुकसानभरपाई द्यावी की नाही या वादातून. खुनाचा खटला कोणावरही झाला नाही. ही बातमी ग्रॅनव्हिल शार्प या कार्यकर्त्याच्या कानावर घालणारा माणूस स्वतः एकेकाळचा गुलाम होता. त्याचे नाव ओलाउदा इक्वियानो.

मे १७८७ मध्ये लंडनच्या एका छापखान्यात बारा जणांनी गुलामांच्या व्यापाराविरुद्ध समिती स्थापन केली. त्यांतले नऊ क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाचे होते. जागा छापखान्याची होती, हे चळवळीच्या स्वभावाला धरूनच झाले. टॉमस क्लार्कसनने केंब्रिजमध्ये १७८५ साली लॅटिन निबंधाचे बक्षीस मिळवले होते. विषय होता, माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध गुलाम करणे न्याय्य आहे काय. बक्षिसासाठी लिहायला घेतलेल्या या विषयाने त्याला आयुष्यभर सोडले नाही. लिव्हरपूल आणि ब्रिस्टलच्या बंदरांत हिंडून तो खलाशांच्या जबान्या टिपून घेऊ लागला. ‘ब्रूक्स’ या जहाजाच्या तळघरात ४५० हून अधिक माणसे कशी रचायची याचा आराखडा समितीने छापून घरोघर पोचवला. त्या चित्रात नाट्य काही नाही, ओळीने मांडलेल्या मानवाकृती तेवढ्या आहेत. गुलामांच्या जहाजाचा कप्तान राहिलेला आणि नंतर धर्मोपदेशक झालेला जॉन न्यूटन, त्याच जहाजांवर शस्त्रवैद्य म्हणून गेलेला अलेक्झांडर फाल्कनब्रिज यांनीही १७८८ मध्ये आपापले अनुभव छापले. पण हे सारे वरच्या डेकवरून पाहिलेले होते.

डेकखालचा आवाज आणला तो ओट्टोबा कुगोआनो या दुसऱ्या एका माजी गुलामाने १७८७ मध्ये आणि इक्वियानोने १७८९ मध्ये. इक्वियानोचे आत्मचरित्र वर्गणीदार आधी गोळा करून निघाले. तीनशेहून अधिक वर्गणीदारांच्या यादीत खुद्द युवराजाचे नाव होते. पुस्तकाचे हक्क त्याने स्वतःकडे ठेवले आणि इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड पालथे घालून ते विकले. १७९७ मध्ये तो वारला तोवर नऊ आवृत्त्या निघाल्या होत्या. वाचकाला आज सर्वांत चकित करतो तो त्याचा व्यापारी हिशेबीपणा. कॅरिबियन बेटांत धन्याच्या गलबतावर काम करताना त्याने तीन पेन्सच्या भांडवलावर काचेचा एक पेला घेतला, दुसऱ्या बेटावर तो दुप्पट किमतीला विकला, मग दोन पेले घेतले. असे करत करत १७६६ मध्ये त्याने स्वतःला विकत घेतले. मुक्ततेचा दस्तऐवज त्याने पुस्तकात जसाच्या तसा छापला आहे. त्यात माँटसेराट बेटाच्या चलनात ७० पौंड मिळाल्याची कबुली आहे. गोऱ्या माणसाने त्याला मालावरून फसवले तर मात्र तक्रार करायला जागा नव्हती, आणि असे प्रसंगही तो नोंदवून ठेवतो.

इक्वियानोने आपला जन्म पश्चिम आफ्रिकेतल्या इग्बो लोकांच्या मुलखात झाल्याचे आणि लहानपणी बहिणीसह पळवले गेल्याचे लिहिले आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस संशोधकांना त्याच्या बाप्तिस्म्याची १७५९ ची नोंद आणि एका जहाजाची हजेरीवही सापडली. दोन्हींत जन्मस्थान कॅरोलायना, म्हणजे अमेरिका, असे लिहिले आहे. यावरून जहाजप्रवासाचे त्याचे प्रसिद्ध वर्णन ऐकीव होते की काय, असा वाद झाला आणि तो मिटलेला नाही. मात्र त्या नोंदी करतानाही लेखणी दुसऱ्याच कोणाच्या हातात होती, हे विसरता येत नाही.

मेरी प्रिन्स हिची कहाणी १८३१ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली. काळ्या गुलाम स्त्रीची ब्रिटनमध्ये छापली गेलेली ही पहिली आत्मकथा. बर्म्युडात जन्मलेल्या मेरीने टर्क्स बेटावरच्या मिठागरांत काही वर्षे काढली. पहाटे चारला सुरू होणारे काम, गुडघाभर खाऱ्या पाण्यात तासन्‌तास उभे राहणे, पायांना पडणारी आणि हाडापर्यंत खात जाणारी क्षते हे तिने जसे सांगितले तसे कोणत्याही पार्लमेंटरी अहवालात सापडत नाही. तिने सांगितले, सुझॅना स्ट्रिकलंड या तरुणीने उतरवून घेतले, आणि दास्यविमोचन संस्थेचा चिटणीस टॉमस प्रिंगल याने संपादन केले. त्याने तळटीपा जोडल्या, मालकाची पत्रे छापून ती खोडून काढली. तरी लोकांचे समाधान होईना. तेव्हा प्रिंगलच्या पत्नीने मेरीच्या पाठीवरचे वळ स्वतः पाहिल्याचे पत्र लिहिले आणि ते तिसऱ्या आवृत्तीला जोडावे लागले. शब्दाला पुरावा म्हणून अंग दाखवावे लागले, हे या वाङ्मयप्रकाराचे मर्मच म्हटले पाहिजे.

पुस्तकावरून १८३३ मध्ये बदनामीचे दोन खटले उभे राहिले आणि मेरी दोन्हींत साक्षीला उभी राहिली. तिथे एक गोष्ट बाहेर आली. एका गोऱ्या कप्तानाशी आपले काही वर्षे संबंध होते, हे तिने सांगताना लपवले नव्हते, परंतु छापील पुस्तकात ते आलेच नाही. धर्मभीरू वाचकाला पीडित स्त्री निष्कलंक हवी होती. म्हणजे गाळणी दोन होत्या. मालक जे बोलू देत नव्हता ते एक, आणि कैवारी जे छापत नव्हता ते दुसरे.

अमेरिकेत या वाङ्मयाने शिखर गाठले ते फ्रेडरिक डग्लसच्या १८४५ च्या आत्मचरित्रात. तो इतके चांगले भाषण करी की हा कधी गुलाम होता यावरच श्रोते शंका घेऊ लागले. त्या शंकेला उत्तर म्हणून त्याने मालकांची नावे, गावे, मळे सगळे छापून टाकले. आरंभी विल्यम लॉइड गॅरिसनची प्रस्तावना आणि वेंडेल फिलिप्सचे पत्र आहे. दोघेही दास्यविमोचन चळवळीतले गोरे पुढारी. काळ्या माणसाच्या पुस्तकाला गोऱ्या माणसांची जामिनकी लागत असे. नावे छापल्यामुळे पकडले जाण्याचा धोका निर्माण झाला आणि त्याला ब्रिटनला निघून जावे लागले. तिथल्या हितचिंतकांनी १८४६ मध्ये वर्गणी काढून मालकाकडून त्याची सुटका विकत घेतली.

डग्लस लिहायला कसा शिकला, तो भाग पुस्तकात मुळातूनच वाचावा असा आहे. बाल्टिमोरमध्ये मालकीणबाईने त्याला मुळाक्षरे शिकवायला घेतली. नवऱ्याने ते बंद पाडले, कारण शिकलेला गुलाम कामाचा राहत नाही असे त्याचे मत. डग्लसने हे ऐकले आणि नेमके काय करायचे ते त्याला कळले. खिशात पाव घेऊन तो गल्लीतल्या गरीब गोऱ्या पोरांना गाठत असे आणि त्या पावाच्या बदल्यात वाचायला शिके. जहाजबांधणीच्या गोदीत सुतार लाकडाच्या तुकड्यांवर खुणेची अक्षरे घालत. डाव्या बाजूला लागायच्या लाकडावर ‘एल’, उजव्या बाजूच्यावर ‘एस’, आणि पुढचा भाग असेल तर जोडीला ‘एफ’. ही चार-दोन अक्षरे गिरवून तो पोरांना म्हणे, मलाही तुमच्याइतकंच लिहिता येतं. ती इरेला पडून आणखी अक्षरे काढून दाखवत आणि याचे काम होई. भिंत, कुंपण आणि फरसबंदी ही त्याची पाटी होती. शिकवणाऱ्या पोरांची नावे मात्र त्याने छापली नाहीत, आणि १८३८ मध्ये आपण पळालो कसे हेही सांगितले नाही. एका काळ्या खलाशाचे कागदपत्र दाखवून आगगाडीने निसटलो, हे त्याने गुलामगिरी संपून बरीच वर्षे लोटल्यावर उघड केले.

हॅरिएट जेकब्सने १८६१ मध्ये टोपणनावाने लिहिले आणि तिची कथा मालकाच्या लैंगिक छळाभोवती फिरते. त्यातून सुटण्यासाठी ती नॉर्थ कॅरोलायनातल्या एडेन्टन गावी आजीच्या घराच्या माळ्यावर जवळजवळ सात वर्षे लपून राहिली. जागा नऊ फूट लांब, सात फूट रुंद आणि जास्तीत जास्त तीन फूट उंच. म्हणजे कधीच उभे राहता येणार नाही. तिथे तिला चुकून राहिलेले एक गिरमिट सापडले. त्याने फळीला भोके पाडून ती रस्त्यावर खेळणारी आपली मुले पाहत असे. त्या अंधारातून ती मालकाला पत्रे लिही आणि ओळखीच्या माणसांमार्फत ती न्यूयॉर्कहून टाकली जातील अशी व्यवस्था करी. मालक तिला उत्तरेत शोधत राहिला. पुढे पुस्तकावरही संशय घेतला गेला तो असा की, ही संपादिका लिडिया मरिया चाइल्ड हिने रचलेली कादंबरी असावी असे इतिहासकार विसाव्या शतकापर्यंत मानत आले. जीन फेगन येलिन यांनी जेकब्सची पत्रे आणि गावचे दप्तर ताडून १९८७ च्या आवृत्तीत तपशील न्‌ तपशील खरा असल्याचे दाखवून दिले.

सगळ्यांच्याच कथनावर असा संपादकाचा हात नव्हता. उमर इब्न सईद हा सेनेगल नदीकाठचा शिकलेला मुसलमान १८०७ मध्ये चार्ल्स्टनच्या बंदरात विकला गेला. पळाल्यावर तुरुंगात पडला, तेव्हा त्याने भिंती अरबी मजकुराने भरून टाकल्या. १८३१ मध्ये त्याने पंधरा पानांचे आत्मचरित्र अरबीत लिहिले. ते वाचू शकेल असा माणूस मालकाच्या घरात नव्हता. आरंभी त्याने कुराणातली सर्व सत्ता ईश्वराच्याच हाती असल्याचे सांगणारी सूरा उतरवली आहे. मालकाविषयी तो पुढे चांगलेच लिहितो, पण सुरुवात अशी करणाऱ्याच्या मनात काय असेल ते वाचकाने ताडावे.

अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर ही पुस्तके मागे पडली. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन इतिहासलेखनावर प्रभाव असलेल्या अलरिक फिलिप्ससारख्यांनी मळेवाल्यांचे कागद विश्वसनीय आणि गुलामांची कथने एकतर्फी ठरवली. मळेवाल्याला कसलाच स्वार्थ नव्हता असे गृहीत धरण्याचा हा प्रकार होता. १९३६ ते १९३८ मध्ये सरकारी लेखक-योजनेतून २,३०० हून अधिक वृद्ध माजी गुलामांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. मुलाखत घेणारे बहुधा गोरे, कधी त्याच गावचे. त्यामुळे त्यांत जपून बोलणे पुष्कळ आहे. १९७० नंतर मात्र या साऱ्या साधनांशिवाय गुलामगिरीचा इतिहास लिहिणे अशक्य झाले.

या वाङ्मयाचे हिंदुस्थानशी धागे आहेत. ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी बंद करणारा १८३३ चा कायदा १ ऑगस्ट १८३४ पासून लागू झाला. त्यात मालकांना २ कोटी पौंड भरपाई मिळाली, गुलामांना छदामही नाही, आणि ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख त्यातून वगळला होता. इकडे १८४३ च्या पाचव्या कायद्याने न्यायालयांनी गुलामावरील मालकी हक्क मानण्याचे थांबवले. १८६० च्या दंडसंहितेने तो व्यवहार गुन्हा ठरवला. पेशवाईतल्या कागदांत कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम स्त्रियांच्या, खरेदी-विक्रीच्या नोंदी येतात, पण त्याही हिशेबाच्याच भाषेत.

जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक निग्रोंच्या दास्यमुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केले आहे. अर्पणपत्रिका इंग्रजीत, मजकूर जोतीराव आणि धोंडीबा यांच्या मराठी संवादाचा. शूद्रातिशूद्रांची स्थिती ही गुलामीच आहे, हा त्यातला दावा अमेरिकेतले यादवी युद्ध संपून आठ वर्षे होत असताना मांडलेला आहे.

दुसरा धागा नाशिकच्या शरणपूरचा. अरबी गलबतांवरून ब्रिटिश आरमाराने सोडवलेली आफ्रिकी मुले तिथल्या मिशनच्या वस्तीत वाढत आणि शिकत. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या शिष्टाईनंतर १८७३ मध्ये झांजिबारचा गुलामबाजार बंद झाला. मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठी वसवलेल्या फ्रिअर टाउनमध्ये शिक्षक म्हणून गेले ते हेच शरणपूरचे विद्यार्थी. त्यांतला जेकब वेनराइट हा आफ्रिकेचा शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या अखेरच्या प्रवासात सामील झाला. मे १८७३ च्या सुरुवातीस लिव्हिंग्स्टन वारल्यावर झाडावर नाव कोरणारा, प्रार्थना वाचणारा आणि सोबत्यांबरोबर शव महिनोन्‌महिने चालत किनाऱ्यापर्यंत आणणारा हाच. एप्रिल १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला हात देणाऱ्यांत तो होता. त्या वाटचालीची त्याने लिहिलेली रोजनिशी त्याच वर्षी छापली गेली, ती जर्मन भाषांतरात.