बर्गंडीतील कौटुंबिक वायनरी

पूर्व फ्रान्समधील बर्गंडी (फ्रेंच उच्चार बूर्गोन्य) या प्रदेशात स्वतःच्या मळ्यातील द्राक्षांची वाइन करून ती स्वतःच्या नावाने विकणाऱ्या घराण्याच्या वायनरीला ‘दोमेन’ म्हणतात. द्राक्षे किंवा तयार वाइन विकत घेऊन, मुरवून विकणारा व्यापारी म्हणजे ‘नेगोसियाँ’. हा भेद व्यवहारात नेहमी काटेकोर राहत नाही, कारण जुन्या व्यापारी घराण्यांपैकी अनेकांकडे स्वतःचे मळेही आहेत. प्रस्तुत नोंद मुख्यतः दिजाँच्या दक्षिणेस पसरलेल्या ‘कोत दॉर’ या डोंगरउतारापुरती आहे. बर्गंडीतीलच शाब्ली या भागात 1923 पासून सहकारी संस्थेला महत्त्व असल्याने तेथील इतिहास काहीसा निराळा आहे.

येथील द्राक्षशेती रोमन काळाइतकी जुनी असून इ. स. 312 मधील एका राजस्तुतिपर भाषणात या भागातील जुनाट, दुरवस्थेतील वेलींचा उल्लेख येतो. मध्ययुगात उत्तम मळे प्रामुख्याने मठांकडे होते. सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या भिक्षूंनी उभा केलेला सुमारे 50 हेक्टरांचा क्लो द वूजो हा त्यांतील सर्वांत प्रसिद्ध होय. सतराव्या शतकापासून दिजाँचे सरदार व धनिक मठांच्या जमिनी भाडेपट्ट्याने किंवा खरेदीने मिळवू लागले. राज्यक्रांतीत चर्चची मालमत्ता राष्ट्रीय ठरून 1791 च्या सुमारास लिलावात निघाली.

मळ्यांचे आजचे असंख्य पोटहिस्से कशामुळे पडले, हा वादाचा विषय आहे. रूढ स्पष्टीकरणानुसार 1804 च्या नेपोलियनच्या दिवाणी संहितेने सर्व अपत्यांना वारसाहक्क दिल्यामुळे दर पिढीला जमीन विभागली गेली. संहितेनुसार पित्याला मृत्युपत्राने मर्जीप्रमाणे देता येणारा भाग एकच अपत्य असल्यास निम्मा आणि तीन वा अधिक असल्यास केवळ चतुर्थांश उरे, हे खरे आहे. तथापि एवढ्याने उलगडा होत नाही. क्लो द वूजो क्रांतीनंतर जवळजवळ शंभर वर्षे अखंड राहिला. 1818 पासून तो ऊव्रार घराण्याकडे होता आणि 1889 मध्ये तो अनेक खरेदीदारांत फुटला, तो विक्रीमुळे. आज त्याचे सुमारे 80 मालक आहेत. उलट क्लो द तार हा साडेसात हेक्टरांचा मळा 1141 पासून 2017 पर्यंत केवळ तीन मालकांकडे होता व त्याची एकदाही वाटणी झाली नाही. शिवाय लहान शेतकऱ्यांचे तुकडे क्रांतीपूर्वीही होते, एका माणसाच्या दिवसभराच्या कामावरून ठरलेले ‘ऊव्रे’ हे माप (सुमारे 4.28 आर) त्याच जगातले असून आजही प्रचारात आहे. त्यामुळे कायद्याने वाटणीला गती दिली, पण शेतकरी घराण्यांच्या हाती चांगली जमीन येण्यास बाजारातील मंदी अधिक कारणीभूत ठरली, हे मत जास्त ग्राह्य वाटते.

या मंदीमागे फिलॉक्सेरा ही मुळांवरील कीड होती. कोत दॉरमध्ये ती 1878 मध्ये मर्सो येथे आढळली. अमेरिकी खुंटावर कलम करणे हा खात्रीचा उपाय असूनही त्यावरील बंदी तेथे 1887 पर्यंत उठली नाही. पूर्वी वेलीची फांदी जमिनीत दाबून नवी वेल मिळे, त्यामुळे मळ्यांत ओळी नसत. कलमी रोपे विकत आणून ओळीत लावणे खर्चाचे होते. अनेक मोठ्या मालकांनी मळे विकले आणि त्यांच्याकडे मजुरीने किंवा अर्धलीने राबणाऱ्या कुटुंबांनी एकेक तुकडा घेतला. रोमाने-काँतीच्या 1.8 हेक्टर मळ्यातील वेली मात्र 1945 पर्यंत कलमाविना टिकल्या.

मळा हाती आला तरी वाइनवर नाव व्यापाऱ्याचेच राहिले. बोन येथील शाँपी (1720) व बूशार (1731) ही स्वतः कौटुंबिक असलेली घराणी पिंपांनी वाइन घेत आणि काही व्यापारी तीत दक्षिणेकडील वाइन मिसळत. याविरुद्ध वोलने येथील आंजेरव्हिल आणि न्वी-सां-जॉर्ज येथील गूज या मळेमालकांनी न्यायालयीन लढे दिले. 1935 च्या कायद्याने उगमनामाला, म्हणजे वाइनवरील मूळ प्रदेशाच्या नावाला, संरक्षण मिळाले. घरच्या घरी बाटलीबंद करणेही याच दशकात रुजू लागले आणि महायुद्धानंतर पसरले. आजच्या अर्थाने कौटुंबिक वायनरीचा आरंभ येथून धरणे उचित ठरेल, लेबलांवरील जुनी साले काहीही सांगोत.

वाटण्यांची खूण नावांत दिसते. व्होन-रोमाने येथील ग्रो घराण्याच्या आज चार स्वतंत्र वायनरी आहेत. भाऊबंदांपासून वेगळेपण दाखवण्यासाठी पत्नीचे आडनाव जोडण्याची प्रथा असून कोश-द्युरी हे तिचे परिचित उदाहरण होय. जमीन फुटू नये म्हणून अलीकडे कुटुंबीय ती सामाईक संस्थेच्या नावे करून केवळ हिस्से वाटून घेतात.

येथील 1,247 ‘क्लिमा’, म्हणजे सीमा व नाव ठरलेले मळे, यांचा समावेश असलेला प्रदेश 2015 मध्ये जागतिक वारसा यादीत आला. जमिनीचे भाव वाढल्याने वारसाकर जड होऊन काही घराण्यांनी मळे विकले. क्लो दे लांब्रे 2014 मध्ये एलव्हीएमएच या चैनीच्या वस्तूंच्या फ्रेंच उद्योगसमूहाने घेतला, तर क्लो द तार 2017 मध्ये मोमेसँ घराण्याकडून पिनो कुटुंबाच्या आर्तेमिस कंपनीकडे गेला.